उघड्या दारांचं बेट

जानेवारी २०२२. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि शेजारच्या घरात मात्र लग्नघर असावं तशी गडबड. जिन्यात दोन मोठ्या बॅगा, सोफ्यावर इस्त्री केलेले सात-आठ लांब स्कर्ट, दोन जोड दणकट बूट, डास पळवायच्या औषधाच्या बाटल्या. शेजारीणबाई बॅग काट्यावर ठेवत होत्या, काहीतरी बाहेर काढत होत्या, पुन्हा ठेवत होत्या. ‘पन्नास पौंडांत दीड वर्षाचा संसार बसवायचा म्हणजे काय गं!’ असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज अडकला. मी हातातला लाडवांचा डबा तिथेच ठेवला आणि त्यांच्याबरोबर घड्या घालायला बसले. मला माझ्या मावसबहिणीची पाठवणी आठवत होती. तिथेही आमची मावशी अशीच बॅगेशी झटत बसली होती, लेकीकडे न बघता.

पण इथे लग्न नव्हतं. त्यांची एकोणीस वर्षांची धाकटी लेक ‘मिशन’वर निघाली होती.

आम्ही २०१३ पासून अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका गावात राहतो. नवऱ्याची नोकरी सॉफ्टवेअरची. मी मूळची कराडची. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं मॉर्मन पंथाची. हा ख्रिस्ती धर्मातला तसा नवा पंथ, १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेला आणि १८४७ पासून युटात रुजलेला. या घरांमधली मुलं शाळा संपली की धर्मप्रचारासाठी बाहेर पडतात. मुलग्यांनी दोन वर्षं जावं अशी अपेक्षाच असते. मुलींना वाटलं तर जावं, दीड वर्षासाठी. मुलींचं किमान वय २०१२ पर्यंत २१ होतं, मग ते १९ झालं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मुलग्यांइतकंच, १८ झालं.

कुठे जायचं, ते आपण ठरवायचं नाही. अर्ज करायचा आणि वाट बघायची. चर्चकडून पत्र येतं, त्यात देश असतो. ते पत्र उघडायला सगळं गणगोत जमतं. आमच्या या शेजारघरी जमलं, तेव्हा मीही होते. मुलीनं वाचलं, ‘डोमिनिकन रिपब्लिक’, आणि सगळे ओरडले. मी घरी येऊन मुलाच्या शाळेच्या नकाशात शोधलं, तेव्हा कुठे सापडलं! क्युबाच्या पूर्वेला हिस्पॅनिओला नावाचं बेट आहे. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोचला होता. त्या एका बेटावर दोन देश आहेत. पश्चिमेला हैती, पूर्वेला हा डोमिनिकन रिपब्लिक. भाषा स्पॅनिश.

पगार? छे. उलट घरच्यांनीच पैसे भरायचे. २०२० पासून अमेरिकन घरांसाठी महिन्याला ५०० डॉलर. या पोरीनं आइस्क्रीमच्या दुकानात काम करून, लोकांची मुलं सांभाळून त्यातले निम्मे जमवले होते.

निघायच्या आदल्या रात्री ती मला भेटायला आली. कोटावर काळा बिल्ला. त्यावर तिचं आडनाव आणि आडनावाआधी ‘एर्माना’. स्पॅनिशमध्ये एर्माना म्हणजे बहीण. आता दीड वर्ष तिला पहिल्या नावानं कोणी हाक मारणार नव्हतं. म्हणून मीही या लेखात तिला एर्मानाच म्हणते.

घर पाऊण तासावर, पण...

भाषेचं शिक्षण प्रोव्हो शहरात. प्रोव्हो आमच्या गावापासून गाडीनं पाऊण तास. केंद्राच्या फाटकाशी गाडी थांबवायची, बॅगा उतरवायच्या, मिठी मारायची आणि निघायचं. आत जायचं नाही. त्यानंतरचे आठवडे लेक पाऊण तासावर होती आणि आईला तिला बघता येत नव्हतं. शेजारीणबाई एकदा काही कामानं प्रोव्होला गेल्या होत्या. त्या केंद्रासमोरून त्यांनी गाडी दोनदा फिरवली. परत येऊन मला म्हणाल्या, ‘कोणाला सांगू नकोस हं, हसतील.’

पण यांच्या थोरल्या मुलाच्या वेळी तर आणखी कठीण होतं. आठवड्याला एक पत्र किंवा ई-मेल आणि वर्षातून फक्त दोन फोन, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला घरी फोन करायची, व्हिडिओवर बोलायची मुभा मिळाली. त्यामुळे दर सोमवारी सकाळी शेजारच्या स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज यायचा, आणि मला कळायचं, एर्मानाचा फोन आलाय. बऱ्याचदा मीही चहाचा कप घेऊन कोपऱ्यात बसायची. पुढे जे सांगतेय, ते त्या सोमवारांमधून आणि ती परत आल्यावर आमच्या पायरीवर बसून मारलेल्या गप्पांमधून.

‘लाइट गेली!’

तिची नेमणूक उत्तरेकडच्या सिबाओ खोऱ्यात झाली. भात, केळी, कोको, तंबाखू पिकवणारा हिरवागार मुलूख. समुद्रकिनारे, नारळाची झाडं, पर्यटक हे आपण चित्रात बघतो ते सगळं दूर राहिलं. साल्सेदो गावाजवळच्या एका लहानशा वस्तीत दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, छतावर पाण्याची टाकी.

पहिल्याच संध्याकाळी लाइट गेली. सगळ्या वस्तीतून एकच आरोळी उठली. तासाभरानं आली, तेव्हा त्याहून मोठी! एर्मानानं हे हात वारे करत सांगितलं, तेव्हा मी इतकी हसले की तिची आई बघतच राहिली. म्हटलं, अगं, आमच्या कराडला भारनियमनाच्या दिवसांत हेच व्हायचं! अमेरिकेतल्या पोरीला हे नवलाचं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बादलीत पाणी भरून ठेवलं, तांब्यानं अंघोळ केली, हातानं कपडे धुतले. ‘स्कर्टचा घेर पिळायला दोघी लागतात,’ असं तिनं मला मोठ्या गंभीरपणे शिकवलं. मी मान डोलावली, काय करणार!

दोघी, कारण मिशनरी मुली कधीच एकट्या नसतात. कायम जोडी. एकत्र राहायचं, एकत्र फिरायचं, नजरेच्या टप्प्यातून दूर जायचं नाही. जोडीदारीण आपण निवडायची नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या निघतात, त्यात कोण येईल ती आपली. हिची पहिली जोडीदारीण ग्वाटेमालाची. तिला इंग्रजी येत नव्हतं, हिला स्पॅनिश धड येत नव्हतं. एकीला खिडकी उघडी हवी, एकीला बंद. एकीला भांडी लगेच घासायची, दुसरीला सकाळी. नव्या सुनेला आणि जावेला जे जमवून घ्यावं लागतं, ते सगळं एकोणिसाव्या वर्षी, तेही परक्या भाषेत.

दिवस घड्याळावर चालायचा. साडेसहाला उठायचं, थोडा व्यायाम, न्याहारी, मग वाचन, प्रार्थना, भाषेचा अभ्यास. मग घराबाहेर. दुपारचं जेवण बहुतेकदा चर्चमधल्या एखाद्या कुटुंबात. भात, राजम्यासारख्या दाण्यांची आमटी आणि कोंबडी. तिथे या ताटाला ‘बांदेरा’ म्हणजे झेंडा म्हणतात, इतकं ते रोजचं. सकाळी किंवा रात्री मांगू, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, वर परतलेला कांदा. भाताच्या पातेल्याच्या तळाशी जी खरपूस खरवड धरते, तिला तिथे कोनकोन म्हणतात आणि पाहुण्याला ती मुद्दाम वाढतात. पहिल्यांदा वाढली तेव्हा हिला वाटलं, करपलेला भात दिला म्हणजे आपण नकोसे झालो! मग शेवटी शेवटी कोनकोनसाठी जोडीदारणीशी भांडायला लागली.

जेवण झालं की पुन्हा उन्हात. चालणंच चालणं. लांब जायचं तर ‘ग्वाग्वा’, म्हणजे खच्चून भरलेली छोटी बस. रात्री नऊच्या सुमाराला घरी, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, कादंबऱ्या नाहीत, मित्र-बित्र तर नाहीच. घरात नुसता पुरुष असेल तर आत जायचं नाही, बाई असेल तरच. सोमवार मोकळा. त्या दिवशी कपडे, बाजार, केस धुणं आणि घरी फोन.

भाषेची गंमत वेगळीच. प्रोव्होत शिकलेली छापील स्पॅनिश घेऊन ही गेली आणि तिथली माणसं शब्दांच्या शेवटचे ‘स’ गिळून टाकतात! सिबाओत तर ‘र’ आणि ‘ल’च्या जागी ‘इ’ लावतात. पुण्याची मराठी शिकून एखाद्या परदेशी मुलीनं थेट मालवणात उतरावं, तसं झालं. ‘आओरिता’ हा शब्द तिनं शाळेत ‘आत्ता’ असा पाठ केला होता. तिथे त्याचा अर्थ ‘नंतर कधीतरी’. कोणी म्हणालं ‘आओरिता येतो’, की या दोघी तासभर थांबायच्या. मी म्हटलं, आमच्याकडे याला ‘आलोच हं’ म्हणतात.

खुर्ची आणि कॉफी

आता मुख्य काम. दारोदार जायचं आणि आपल्या धर्माबद्दल सांगायचं.

त्या देशाच्या राष्ट्रध्वजावर मधोमध उघडं बायबल आहे. जगात दुसऱ्या कुठल्याच देशाच्या ध्वजावर नाही. पुष्कळ लोक कॅथलिक, बाकीच्यांत इतर ख्रिस्ती पंथांचेही पुष्कळ. अशा ठिकाणी जाऊन एकोणीस वर्षांच्या पोरीनं येशूबद्दल काय सांगायचं? ‘मला हा प्रश्न जाईपर्यंत पडलाच नव्हता,’ असं ती नंतर म्हणाली.

तिथे दारं दिवसभर उघडी असतात. आमच्या युटातल्या गल्लीत प्रत्येक दार बंद, बाहेर बेल. तिथे उंबऱ्याशी उभं राहून हाक मारायची. कोणीतरी आतून ‘या, या’ म्हणतं आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे येते. ऐकायचं असो वा नसो, खुर्ची मिळते. बसल्यावर सरबत किंवा कॉफी.

कॉफीपाशी घोटाळा. या पंथात चहा-कॉफी वर्ज्य. आणि सिबाओत कॉफीला ‘नको’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे चहाला ‘नको’ म्हणण्यासारखंच. दुसऱ्या आठवड्यात या दोघी एका म्हाताऱ्या बाईंकडे गेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा गेलेला, मुलं न्यूयॉर्कला. अशा बाईंना तिथे मानानं ‘दोन्या’ म्हणतात. दोन्यानं न विचारताच इवल्याशा कपांत काळी, गोड कॉफी आणली. यांनी हात जोडून नको म्हटलं. दोन्याचा चेहरा उतरला. एर्मानानं मोडक्या स्पॅनिशमध्ये नियम समजावला. दोन्यानं शांतपणे दोन्ही कप स्वतःच प्यायले आणि विचारलं, ‘तुझी आई तिकडे आणि तू इथे माझ्या दारात काय करतेस?’

एर्मानानं पाठ केलेलं उत्तर दिलं. दोन्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मला माझा धर्म आहे, मुली. माझ्या आईनं दिलाय. पण उन्हाची आली आहेस, उद्याही ये.’ दुसऱ्या दिवशी चिनोला या आंबटगोड फळाचं सरबत तयार होतं. त्या दिवसापासून या दोघींना तिनं कधी कॉफी विचारली नाही.

सगळीच दारं अशी नव्हती. कोणी ऐकता ऐकता टीव्हीचा आवाज वाढवायचं. कोणी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात आतून मुलाकरवी ‘आई घरी नाही’ सांगायचं. आई मागे दिसत असायची! एका कुटुंबाकडे या सहा आठवडे जात होत्या. मुलांना इंग्रजी शिकवलं, आजोबांची औषधं आणून दिली. एक दिवस घरच्या कर्त्या माणसानं सांगितलं, आता येऊ नका. कारणही दिलं नाही.

‘तुझी खोली तशीच आहे’

जून २०२२. एर्मानाची आजी गेली. शेजारीणबाईंची आई. नव्वदीला टेकली होती, पण या नातीला तिनंच वाढवलेलं. मिशनवरची मुलं अशा वेळी सहसा घरी येत नाहीत. हीसुद्धा आली नाही. अंत्यसंस्कार तिनं मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, तेही मध्येच लाइट गेल्यानं अर्धेच.

चार दिवसांनी, सोमवार नसताना, तिचा फोन आला. मुद्दाम परवानगी काढून केलेला. रडत होती. म्हणाली, मला घरी यायचंय.

मैत्रिणींनो, वरवर ही साधी गोष्ट वाटेल. पोर दमली, घरी येऊ दे. पण आमच्या या गल्लीत ते साधं नाही. मिशन अर्धवट सोडून आलेल्या मुलाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. तोंडावर कोणी बोलत नाही. पण ‘काय झालं असेल हो?’ हा प्रश्न दारादारांतून फिरतो. आमच्यापासून चौथ्या घरातला मुलगा मनाच्या आजारानं सातव्या महिन्यात परत आला होता. त्याची आई कितीतरी दिवस दुकानात जाताना ओळखीचं कोणी दिसलं की दुसऱ्या रांगेत वळायची. हे मी स्वतः पाहिलंय.

त्या संध्याकाळी शेजारीणबाई आमच्या मागच्या पायरीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘मी तिला म्हणणार होते, थोडं सोस, दिवस जातील. शब्द अगदी तोंडावर होते.’

मी काही बोलले नाही. कारण हे शब्द मला ओळखीचे होते. आपल्याकडे लग्न होऊन गेलेली मुलगी दोन महिन्यांत रडत फोन करते, तेव्हा आपण हेच म्हणतो ना? ‘होईल सवय. आता तेच तुझं घर.’ आपलं चुकतंच असं नाही. सवय होतेही. पण त्या क्षणी त्या मुलीच्या पाठीमागे काय उरतं?

दोन तासांनी त्या उठल्या आणि फोन लावला. मी निघाले होते, त्यांनी खुणेनं थांबवलं. त्या लेकीला म्हणाल्या, ‘तुझी खोली तशीच आहे. उद्या निघालीस तरी मी विमानतळावर असेन. लोकांना काय सांगायचं, ते माझं मी बघेन. तू त्याचा विचार करायचा नाही.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘हा आठवडा राहते. मग बघू.’

तो आठवडा झाला, मग पुढचा. ‘मग बघू’ करत करत तिनं अठरा महिने पुरे केले. ती नंतर मला म्हणाली, ‘परत जाता येतं हे कळल्यावरच मला तिथे राहता आलं.’

नऊ रात्री

त्या पहिल्या आठवड्यात तिकडे काय झालं, ते आम्हाला पुढच्या सोमवारी कळलं.

जोडीदारणीनं दोन्याला आजीबद्दल सांगितलं होतं. संध्याकाळी या दोघी गेल्या, तर दोन्याच्या घरात छोट्या टेबलावर पांढरा कपडा, त्यावर मेणबत्ती, फुलं, पाण्याचा पेला. शेजारपाजारच्या बायका आपापल्या खुर्च्या घेऊन येत होत्या. माणूस गेलं की कॅथलिक लोकांमध्ये नऊ दिवस प्रार्थना करतात. दोन्यानं त्या प्रार्थना एर्मानाच्या आजीसाठी लावल्या होत्या. कधी न पाहिलेल्या, दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या पंथातल्या बाईसाठी! एर्मानाला फक्त आजीचं नाव विचारलं आणि प्रत्येक रात्री ते नाव घेतलं, त्यांच्या उच्चारात, थोडं चुकीचं.

एर्माना ज्यांना धर्म सांगायला गेली होती, त्या बायका तिच्या आजीसाठी जपमाळ ओढत होत्या. त्यांच्या प्रार्थना तिच्या पंथात नसतात. ती नुसती बसून राहायची. ‘मी नऊ दिवस काहीच शिकवलं नाही,’ ती म्हणाली. ‘खुर्च्या लावायला आणि उचलायला मदत केली, एवढंच.’

त्याच रात्रींमध्ये दोन्यानं तिला त्या बिल्ल्याबद्दल विचारलं. ‘एर्माना लिहिलंय तुझ्या छातीवर. आमच्या एर्माना ठाऊक आहेत तुला?’

साल्सेदो हे मिराबाल बहिणींचं गाव. पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा. १९३० पासून त्या देशावर त्रुहियो नावाच्या हुकूमशहाची पकड होती. ‘या घरात त्रुहियो प्रमुख’ अशा अर्थाच्या पाट्या लोकांच्या घरांत असायच्या. या बहिणी त्याच्याविरुद्ध गुप्तपणे काम करत होत्या. ‘फुलपाखरं’ हे त्यांचं सांकेतिक नाव. मिनेर्वा वकिलीची पदवी घेतलेली, पण तिला वकिली करू दिली नाही. २५ नोव्हेंबर १९६० रोजी तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परतताना तिघींना आणि त्यांच्या ड्रायव्हरला वाटेत गाठून मारलं आणि जीप दरीत ढकलून अपघाताचा देखावा केला. कोणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. सहा महिन्यांत, ३० मे १९६१ रोजी, त्रुहियोचीही हत्या झाली. चौथी बहीण देदे मागे राहिली. तिनं बहिणींची सहा आणि स्वतःची तीन मुलं वाढवली, आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत ती ही कहाणी लोकांना सांगत राहिली. आपण २५ नोव्हेंबरला स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा जो आंतरराष्ट्रीय दिवस पाळतो, तो या तिघींचा स्मृतिदिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये तो मान्य केला. आणि २००७ पासून त्या प्रांताचं नावच ‘एर्मानास मिराबाल’ म्हणजे ‘मिराबाल भगिनी’ असं आहे.

दोन्या तेव्हा सोळा वर्षांची होती. ‘तेव्हा दारं बंद असायची,’ ती म्हणाली. ‘आम्ही भिंतीशीसुद्धा हळू बोलायचो. आता उघडी ठेवतो, कारण ठेवता येतात.’

ती परत आली तेव्हा

सप्टेंबरात तिची बदली दुसऱ्या गावी झाली. त्याच महिन्यात फिओना चक्रीवादळ बेटाच्या पूर्व टोकाला धडकलं, आणि शेजारीणबाई दोन दिवस टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. हिच्या गावात नुसता पाऊस होता. पाणी भरून ठेवा, घराबाहेर पडू नका, एवढीच सूचना. पण आईला नकाशावर वादळाचा तो पांढरा भोवरा दिसत होता ना!

पुढच्या वसंतात उपासाचे दिवस आले, तेव्हा सगळ्या घरांतून गोड दाण्यांच्या वाट्या. राजमा, नारळाचं दूध, रताळं, बेदाणे, दालचिनी घालून केलेली ती खीर शेजाऱ्यांना वाटायची असते. दोन्यानं ग्वाग्वाच्या ड्रायव्हरबरोबर डबा पाठवला.

जुलै २०२३ मध्ये ती परतली. विमानतळावर झेंडे, फुगे, सगळी गल्ली. पहिले काही दिवस तिला खोलीत एकटं झोपता येईना. सतत मागे वळून बघायची, जोडीदारीण कुठेय म्हणून. भात केला की तळ खरवडून खायची.

लोक विचारायचे, ‘मग, किती जणांनी दीक्षा घेतली?’ ती सांगायची, ‘दोघींनी.’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘एवढंच?’ उमटायचं. दोन्या त्या दोघींत नव्हती.

मी तिला एकदा स्पष्टच विचारलं. आपल्या घरी कोणी येऊन ‘तुमच्यापेक्षा आमचा मार्ग बरा’ म्हटलं, तर मला ते रुचत नाही, आणि हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. लोकांच्या दारात जाऊन त्यांचं श्रद्धास्थान हलवणं तुला बरोबर वाटतं का गं? ती रागावली नाही. म्हणाली, ‘मला जे खरं वाटतं, ते सांगावं असं मला आजही वाटतं. पण दोन्यानं मला नाही म्हटलं आणि खुर्चीही दिली. दोन्ही एका वेळी करता येतं, हे मला माहीत नव्हतं.’ या विषयावर तिचं-माझं अजूनही पटत नाही. ती येते, बसते, आम्ही वाद घालतो आणि ती थालीपीठ खाते.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच ती चौथ्या घरातल्या त्या मुलाकडे गेली होती, मांगू करून घेऊन. काय बोलले दोघं, ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर त्याची आई दुकानात मला बघून वळली नाही, थांबली. आम्ही टोमॅटोच्या भावावर बोललो.

आमच्या शेजारघरी आता उन्हाळ्यात पुढचं दार दिवसभर उघडं असतं. नुसतं जाळीचं दार लावलेलं. शेजारीणबाई कुरकुरतात, थंड हवा सगळी बाहेर जाते, बिल येतं! पण लावून घेत नाहीत.

माझ्या बहिणीच्या मुलीचं २०२३ च्या डिसेंबरात लग्न झालं. सासर सोलापूरकडे. फेब्रुवारीत तिचा मला फोन आला, इकडचं तिकडचं बोलली, हवा, स्वयंपाक, नणंद. मध्येच गप्प झाली. ‘होईल सवय’ हे शब्द माझ्या ओठांवर होते. मी ते गिळले आणि आधी बहिणीला फोन लावला. मग आम्ही दोघींनी मिळून तिला लावला आणि सांगितलं, ‘यावंसं वाटलं तर ये. लोकांना काय सांगायचं, ते आम्ही बघू.’

ती म्हणाली, ‘नाही गं मावशी, तसं काही नाही.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पण बरं झालं सांगितलंस.’